कागद वाचला, पण पेट्रोल जळलं! ‘पेपरलेस’ कारभाराचा प्रतापगडातला हिशेब

बिल मोबाईलवर घेतलं की झाड वाचतं, असं आपल्याला रोज सांगितलं जातं. कागद खरंच इतका वाईट आहे का? आणि मोबाईलवरचा कागद खरंच फुकट पडतो का? आकडे मांडले, तर दोषी तिसराच निघतो.

गेल्या खरिपातली गोष्ट. मामांचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडच्या डोंगराजवळ. महादेव आणि दर्गा एकाच डोंगरावर असलेलं हे ठिकाण महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे अख्ख्या झाडीपट्टीला माहीत आहे. मामांना धान आधारभूत किमतीने विकण्यासाठी नोंदणी करायची होती. नोंदणी ऑनलाइन. त्यामुळे ‘इंजिनीअर भाच्या’वर काम आलं. मी म्हटलं, फोनवरच करून टाकू.

फोनवर काही झालं नाही. केंद्रावर जावं लागलं. सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, बँकेचं पासबुक अशा चार कागदांचे दोन संच आणि वर एक अर्ज, मिळून नऊ पानं. यातला सातबारा मी आदल्या रात्री १५ रुपये भरून डाउनलोड केला होता. त्यावर डिजिटल स्वाक्षरी होती, क्यूआर कोड होता. तरी त्याची प्रिंट काढायला लावली, त्या प्रिंटची झेरॉक्स काढायला लावली आणि दोन्हींवर मामांची सही घेतली. पहिल्या दिवशी नेटवर्क नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोर्टल बंद होतं. तिसऱ्या दिवशी मामांचा फोटो निघाला आणि नोंदणी झाली.

परतताना मामा म्हणाले, “सारा कारभार मोबाईलवर आला मनतेत, मंग ह्या झेरॉक्स कायले?”

त्याच संध्याकाळी माझ्या फोनवर कुठल्याशा बिलाचा मेसेज आला. खाली ओळ होती : कागद वाचवा, पर्यावरण वाचवा. मग मी हिशेबच मांडायला बसलो. तो तुमच्यासमोर ठेवतो.

एका पानाची किंमत किती?

आपण झेरॉक्ससाठी वापरतो तो ए-फोर आकाराचा, ८० जीएसएमचा कागद. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोरची १६ पानं म्हणजे एक चौरस मीटर. म्हणून एक पान ५ ग्रॅमचं. पाचशे पानांचं एक रीम अडीच किलोचं.

एक किलो कागद तयार होताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असं ढोबळ मानाने धरलं जातं. गिरणी कोळशावर चालते की लाकडाच्या उरलेल्या चोथ्यावर, लगदा नवा की रद्दीचा, यावर हा आकडा कमी-जास्त होतो. म्हणजे एका पानामागे साधारण ५ ग्रॅम. झेरॉक्स मशीनची वीज त्यात एखादा ग्रॅमही घालत नाही.

मामांची नऊ पानं म्हणजे ४५ ग्रॅम, मशीनची वीज धरून फार तर ५० ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

पण कागद म्हणजे फक्त कार्बन नाही

हे मान्य केलंच पाहिजे. कागदाचा इतिहास आपल्या भागाला चांगला ठाऊक आहे. अर्जुनीच्या स्टेशनवरून जाणारी गोंदिया-बल्लारशा रेल्वे जिथे संपते, त्या बल्लारपुरात देशातल्या मोठ्या कागद गिरण्यांपैकी एक आहे. कंपनीची स्थापना १९४५ची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं तिथे गेला. आपण शाळेत वापरलेल्या वह्यांमध्ये आणि सरकारी फायलींमध्ये तो बांबू आहे.

प्रश्न बांबू तोडण्याचा तेवढा नव्हता, तो कुणाला कुठल्या भावाने मिळतो याचा होता. कागद गिरण्यांना सरकारी जंगलातला बांबू नाममात्र दराने आणि टोपल्या विणणाऱ्याला मात्र बाजारभावाने, ही विषमता माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातल्या अभ्यासातून दाखवून दिली होती. आपल्याकडच्या बुरड कुटुंबांना ती वेगळी सांगायला नको.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने या प्रश्नाला हात घातला. वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनोपज आहे आणि २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर विकायला लागणारा वाहतूक परवाना वन विभागाच्याच हातात होता. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं.

ही गोष्ट इथे सांगण्याचं कारण असं, की ते पुस्तक हाही एक व्यवसायाचा कागदच होता. ट्रकसोबत जायची पावती. ती कुणाच्या हातात आहे, यावर गावाचं उत्पन्न ठरलं. कागदाची किंमत मोजताना हेही मोजावं लागतं : तो कुणाच्या ताब्यात आहे?

पाण्याचा हिशेबही कागदाच्या विरोधात जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वाधिक प्रदूषणकारी १७ उद्योगांच्या यादीत कागद आणि लगद्याच्या गिरण्या आहेत. गिरण्यांनी पाण्याचा वापर पूर्वीपेक्षा बराच कमी केला आहे, पण सांडपाण्याचा प्रश्न संपलेला नाही.

दुसरी बाजू अशी, की आज देशातला बहुतांश कागद रद्दीपासून बनतो आणि लाकूड लागतं त्यातलं बरंचसं शेतकऱ्यांनी लावलेल्या सुबाभूळ-निलगिरीचं असतं. ‘एक कागद वाचवला म्हणजे जंगलातलं झाड वाचलं’ हे सरळ समीकरण म्हणून बसत नाही. भारतात माणशी वर्षाला साधारण १५-१६ किलो कागद वापरला जातो. जगाची सरासरी त्याच्या तिप्पटीहून जास्त आहे. आणि आपल्याकडे जो वाढतोय तो मुख्यतः खोक्यांचा कागद आहे, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचा. बिलं आणि सातबारे त्यापुढे किरकोळ आहेत.

मग मोबाईलवरचा कागद फुकट?

नाही. तोही आपल्याच जिल्ह्यात जळतो.

तिरोड्याचा औष्णिक वीज प्रकल्प ३,३०० मेगावॉटचा आहे, ६६० मेगावॉटचे पाच संच. तिथली वीज महावितरण घेते आणि ती राज्यभर जाते. देशाच्या ग्रीडमधल्या एका युनिट विजेमागे आजही साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण आपली बहुतांश वीज कोळशाची आहे. तुम्ही मुंबईत बसून पीडीएफ उघडा किंवा गोंदियात, तिच्या मागे कुठल्या तरी तिरोड्याची चिमणी आहे.

पण किती? हा आकडा पाहिला तर आश्चर्य वाटेल.

मोबाईलची स्क्रीन एक-दोन वॉट वीज खाते. दोन पानांचं बिल तुम्ही पाच मिनिटं फोनवर वाचलं, तर खर्च एका ग्रॅमच्याही खूप खाली राहतो. लॅपटॉप साधारण ३० वॉट घेतो, म्हणजे तासाला २१ ग्रॅम, चार पानांइतका. जुना डेस्कटॉप मॉनिटरसह १०० वॉटपर्यंत जातो, म्हणजे तासाला ७० ग्रॅम, चौदा पानं. बिल वाचायला कुणी तासभर घेत नाही. पण साठ पानांचा करार ऑफिसात पाच-सहा जणांनी डेस्कटॉपवर दोन-दोन तास वाचला, तर पारडं कागदाकडे झुकतं. एकदाच छापून तोच संच फिरवला असता, तर खर्च कमी झाला असता.

ईमेलचंही तसंच. ब्रिटनचे संशोधक माइक बर्नर्स-ली यांनी २०१० मधल्या पुस्तकात साध्या ईमेलला ४ ग्रॅम आणि जड फाइल जोडलेल्या ईमेलला ५० ग्रॅमपर्यंत कार्बन दाखवला होता. तो आकडा अजून सगळीकडे फिरतो. पुढे २०२० च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच हिशेब सुधारला. फोनवरून फोनवर गेलेला छोटा ईमेल ०.२ ग्रॅम आणि दहा मिनिटं खर्चून लिहिलेला लांबलचक ईमेल १७ ग्रॅम. म्हणजे खर्च फाइल पाठवण्यापेक्षा यंत्रासमोर बसून राहण्याचा जास्त आहे.

आपण व्हिडिओ पाहतो त्याचाही आकडा आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने एक तास व्हिडिओ पाहण्याला जागतिक सरासरीने ३६ ग्रॅम धरले होते. म्हणजे आठ-नऊ मिनिटं व्हिडिओ पाहणं हे कागदाच्या एका पानाइतकं. बिल मोबाईलवर घेऊन जे पान वाचवलं, ते चहा पिता पिता रील्समध्ये संपतं.

फोन वापरणं स्वस्त, बनवणं महाग

डिजिटल कागदाचा मोठा खर्च वीज नाही, ते यंत्र आहे.

एका स्मार्टफोनचा जन्मापासून भंगारापर्यंतचा कार्बन कंपन्यांच्याच अहवालांत मॉडेलनुसार साधारण ४० ते ८० किलो असतो. त्यातला बहुतांश भाग फोन तुमच्या हातात येण्याआधीच झालेला असतो : खाणीत, चिपच्या कारखान्यात, जहाजात. वर्षभर चार्ज करायला पाच-सात युनिट वीज लागते, म्हणजे चार-पाच किलो. मधला आकडा ६० किलो धरला, तर एक फोन म्हणजे १२,००० पानं. चोवीस रीम.

हा सगळा बोजा बिलांवर टाकणं अन्यायाचं आहे. फोन आपण बोलायला, फोटो काढायला, बाजारभाव बघायला घेतो. पण एक गोष्ट यातून कळते. तोच फोन दोनऐवजी चार वर्षं वापरला, तर वर्षाला १५ किलो वाचतात. तेवढ्यात ३,००० पानं छापता येतील. एका सामान्य घराला इतके कागद अनेक वर्षांतही लागत नाहीत. जो माणूस प्रत्येक बिल ईमेलवर घेतो आणि दर दिवाळीला फोन बदलतो, त्याने पर्यावरणाचं काही भलं केलेलं नाही.

भंगाराचं काय? संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला फक्त २२.३ टक्के नोंद ठेवून, नीट गोळा करून पुनर्वापरात गेला. कागदाची रद्दी विकायला आपल्याकडे गावोगावी भंगारवाला येतो. बंद पडलेला फोन मात्र कपाटात राहतो किंवा कचऱ्यात जातो.

डेटा सेंटरकडेही डोळेझाक करून चालणार नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली, जगाच्या वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून जास्त होईल, असं ही संस्था म्हणते. देशातली सर्वाधिक डेटा सेंटर मुंबई-नवी मुंबईत आहेत. पण या वाढीचं कारण तुमची बिलं नाहीत. व्हिडिओ, क्लाउड आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता ही कारणं आहेत. एक सातबारा साठवायला लागणारी जागा त्यात थेंबाइतकीही नाही.

मग जिंकलं कोण?

एकदा बघून बाजूला ठेवायचा कागद असेल, म्हणजे बिल, पावती, बँकेचं स्टेटमेंट, तर डिजिटल जिंकतं. विशेषतः फोन आधीच हातात असेल तर. पुन्हा पुन्हा, अनेकांनी, बराच वेळ वाचायचा मजकूर असेल, तर दोन्ही बाजूंनी छापलेला कागद हरत नाही. फरक मात्र काही ग्रॅमचा आहे. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांशी भांडतात ते या काही ग्रॅमवरून.

आता मामांची मोटारसायकल आठवा.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गाडी लिटरला ५० किलोमीटर देत असेल, तर एका किलोमीटरला ४६ ग्रॅम. म्हणजे मोटारसायकल एक किलोमीटर चालवणं आणि नऊ पानं वापरणं, दोन्ही सारखंच.

केंद्रावर आमच्या तीन चकरा झाल्या. मीटरवर मिळून नव्वदच्या आसपास किलोमीटर भरले. म्हणजे चार किलोहून जास्त कार्बन. नऊ पानांचे ५० ग्रॅम आणि चकरांचे ४,१०० ग्रॅम. ऐंशी पट. कागदाचा आकडा मी चुकून निम्माच धरला असेल आणि तो दुप्पट करावा लागला, तरी चकरा चाळीस पटींहून जास्त राहतात.

या हिशेबातून माझं मत बनलं आहे आणि ते मी सरळ सांगतो. डिजिटल कागदाचा खरा पर्यावरणीय फायदा झाड वाचवण्यात फार नाही. तो चक्कर वाचवण्यात आहे. सातबारा घरबसल्या मिळाला आणि घरबसल्या दाखवता आला, तर तीस किलोमीटर वाचतात, म्हणजे पावणेतीनशे पानं. पण सातबारा घरबसल्या मिळाला आणि तो दाखवायला प्रिंट काढून तीस किलोमीटर जावं लागलं, तर आपण सर्व्हरही चालवला, कागदही वापरला आणि पेट्रोलही जाळलं. आज बहुतेक ठिकाणी आपण हेच करतो. कागद आणि डिजिटल या दोन पर्यायांतून आपण तिसराच, सगळ्यात वाईट पर्याय निवडला आहे : दोन्ही.

कायदा प्रिंट मागतो का?

बहुतेक वेळा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीला कागदाइतकीच मान्यता त्याच्या चौथ्या कलमात आहे. मृत्युपत्रासारखे मोजके अपवाद सोडले, तर पीडीएफला ‘खरा कागद नाही’ म्हणण्याला आधार उरत नाही.

डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. तो महाभूमीच्या पोर्टलवर टाकला की समोरच्या माणसाला मूळ उतारा दिसतो. म्हणजे छापलेला सातबारा हा कमी विश्वासाचा आहे. त्यात कुणी फेरफार केला तर कळणार नाही. क्रमांक टाकून पाहिलेला उतारा खरा. आणि तरी आपण क्रमांकाकडे दुर्लक्ष करून त्याच्या झेरॉक्सवर सही घेतो.

व्यापाऱ्यांचंही वेगळं नाही. जीएसटीच्या नियमांनुसार मालाचं बीजक तीन प्रतींत बनवायचं असतं : एक घेणाऱ्याला, एक वाहतूकदाराला, एक स्वतःला. १ ऑगस्ट २०२३ पासून वर्षाला ५ कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना दुसऱ्या व्यावसायिकाला माल विकताना ई-बीजक सक्तीचं झालं. ई-बीजकाला तीन प्रतींची अट लागू नाही. ट्रक अडवला तर चालकाने फोनवर बीजकाचा क्यूआर कोड दाखवला तरी चालतं, नियम १३८-अ तसं सांगतो. तरी बहुतेक ट्रकच्या केबिनमध्ये प्लास्टिकच्या फोल्डरात प्रिंटचा गठ्ठा असतो. का, असं विचारलं तर चालक सांगतात, नाक्यावर कोण वाद घालत बसेल?

म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची नाही, कायद्याची तर अजिबात नाही. टेबलापलीकडच्या माणसाला उद्या चौकशी झाली तर दाखवायला हातात काहीतरी हवं असतं. त्याची भीती खोटी नाही. पण त्या भीतीचा खर्च टेबलाच्या अलीकडचा माणूस भरतो.

‘पर्यावरणासाठी’ हा शब्द कुणाच्या सोयीचा?

कंपनी व्यवहार मंत्रालयाने एप्रिल २०११ मध्ये परिपत्रक काढून कंपन्यांना भागधारकांची कागदपत्रं ईमेलने पाठवायची मुभा दिली. नाव होतं हरित उपक्रम. निर्णय चांगलाच होता. कंपन्यांचा छपाई आणि टपालाचा खर्च वाचला. पर्यावरणाचं नाव मात्र पुढे राहिलं आणि तेव्हापासून प्रत्येक बँक, विमा कंपनी, मोबाईल कंपनी तीच भाषा बोलते. कागद उद्योगाला ही भाषा झोंबली. त्यांनी ‘टू साइड्स’ नावाची मोहीम चालवली आणि पुरावा न देता ‘कागद सोडा, पृथ्वी वाचवा’ म्हणणाऱ्या अनेक कंपन्यांना जाहिराती मागे घ्यायला लावल्या. कागद उद्योग हा काही निःस्वार्थी साक्षीदार नाही. पण त्यांचा प्रश्न रास्त होता : आकडा कुठे आहे?

या बाबतीत महावितरणची ‘गो-ग्रीन’ योजना मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते. छापील बिल नको म्हणणाऱ्या ग्राहकाला दर बिलामागे १० रुपये सूट मिळते. नाव हिरवं असलं, तरी वाचलेल्या खर्चातला वाटा ग्राहकाला परत मिळतो. इतर किती कंपन्या असं करतात? बहुतेक जण छपाईचा खर्च आपल्या खिशातून काढून आपल्याच खिशात घालतात आणि ग्राहकाला झाडाचं चित्र पाठवतात.

सरकारी कामात तर उलटंच झालं आहे. पूर्वी कार्यालय कागद छापत असे. आता कार्यालय ‘पेपरलेस’ झालं आणि छपाई झेरॉक्स सेंटरवर गेली. सातबाऱ्याचे १५ रुपये, प्रिंटचे वेगळे, झेरॉक्सचे वेगळे, जाण्या-येण्याचं पेट्रोल वेगळं आणि बुडालेला दिवस वेगळा. कार्यालयाच्या नोंदीत कागदाचा वापर घटलेला दिसेल. गावातला कागद तेवढाच आहे, फक्त त्याचे पैसे आता मामा देतात.

‘पण सगळ्यांकडे फोन कुठे आहे?’

हा आक्षेप खरा आहे आणि माझ्या मताच्या विरोधात जाणारा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. प्रतापगड, गोठणगाव, इटियाडोह धरणाच्या आसपासच्या वस्त्या, नवेगावच्या जंगलाला लागून असलेली गावं. इथे पावसात टॉवर गेला की दिवसभर फोन नुसता घड्याळासारखा वापरायचा. अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो मुलगा नागपूरला घेऊन जातो. म्हाताऱ्या माणसाला ओटीपी कळत नाही आणि कळला तरी तो दुसऱ्याला सांगावा लागतो, हा धोका आहेच.

म्हणून मी कागद बंद करा म्हणत नाही. कागद ज्याला हवा त्याला मिळाला पाहिजे, आणि फुकट मिळाला पाहिजे. मेंढा (लेखा)च्या ग्रामसभेला परवान्याचं पुस्तक हातात मिळालं तेव्हाच बांबू विकता आला. हातातल्या कागदाला वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही आणि त्याचं पोर्टल बंद पडत नाही. माणसाने स्वतःसाठी जपून ठेवलेला कागद हा पर्यावरणाचा शत्रू नाही. कार्यालयाने मागून घेतलेला आणि कुणीही न वाचलेला कागद मात्र नक्कीच वाया गेलेला आहे.

झेरॉक्स सेंटरवाल्याचंही पोट आहे. पण तोच माणूस आज गावाचा ऑनलाइन अर्जही भरतो. अर्ज भरून, क्रमांक नोंदवून, गावातच काम संपवण्याचे पैसे त्याला मिळाले, तर त्याचं दुकान बंद पडणार नाही.

मग करायचं काय?

पाच गोष्टी, आणि एकीलाही नवं ॲप लागत नाही.

पहिली : ज्या कागदावर पडताळणी क्रमांक किंवा क्यूआर कोड आहे, त्याची प्रत मागायची नाही. क्रमांक लिहून घ्यायचा. हा आदेश प्रत्येक कार्यालयाच्या दारावर मराठीत लावायचा, म्हणजे मामांना तो बोट दाखवून सांगता येईल.

दुसरी : सरकारकडे आधीच असलेला कागद नागरिकाकडून पुन्हा मागायचा नाही. सातबारा महसूल विभागाचा आहे. तो सरकारनेच सरकारकडून घ्यावा.

तिसरी : पोर्टल बंद पडलं तर तसा मेसेज सकाळीच यावा आणि मुदत आपोआप वाढावी. एका मेसेजने तीस किलोमीटर वाचतात.

चौथी व्यावसायिकांसाठी : ई-बीजक बनवलं असेल तर त्याच्या तीन प्रिंट काढणं थांबवा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायच्या असतात. त्या दोन ठिकाणी सुरक्षित साठवा, दहा जणांच्या मेलबॉक्समध्ये नको. छापायचंच असेल तर दोन्ही बाजूंनी छापा. आणि कॉम्प्युटर दोन वर्षं जास्त चालवा, त्यात बिलांच्या कागदापेक्षा जास्त वाचतं.

पाचवी कंपन्यांसाठी : ‘पर्यावरण वाचवा’ लिहिण्याआधी आकडा द्या. नसेल तर ‘आमचा खर्च वाचतो’ असं लिहा आणि त्यातला वाटा ग्राहकाला द्या.

आपल्या जिल्ह्याला हे सांगायचा अधिकार आहे, असं मला वाटतं. कागदाचा बांबू पूर्व विदर्भाच्या जंगलाने दिला. विजेची राख तिरोड्याच्या आसपासची गावं झेलतात. दोन्हींचा बोजा उचलणाऱ्या भागाने दोन्हींचा अपव्यय थांबवा म्हणणं वावगं नाही.

तिसऱ्या दिवशी नोंदणी झाल्यावर मामांना एक छापील पावती मिळाली. ती त्यांनी नीट घडी घालून पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये ठेवली. त्या दहाव्या कागदाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आधीच्या नऊ पानांबद्दल, त्यांच्यापायी जळलेल्या जवळपास दोन लिटर पेट्रोलबद्दल आणि धान खळ्यावर उघड्यावर पडलेलं असताना वाया गेलेल्या तीन दिवसांबद्दल.